श्रुतपंचमी आणि आईंची वही



ज्येष्ठ शुद्ध पंचमी आली की आपल्या मंदिरात जिनवाणीची कपाटे उघडतात. ग्रंथांवरची धूळ झटकायची, जुनी वेष्टणे काढून नवी बांधायची, ग्रंथ उन्हाला लावायचे, मग पालखी आणि पूजा. गेली कित्येक वर्षे वेष्टणे शिवून देण्याचे काम माझ्याकडे आहे. या वर्षी वेष्टणे शिवताना मन जागेवर नव्हते. त्याचे कारण आधी सांगते, मग इतिहासाकडे वळते.

माझ्या सासूबाईंची, आम्ही त्यांना आई म्हणायचो, एक वही होती. लाल पुठ्ठ्याची, दुकानातली जमाखर्चाची जुनी वही. आईंना लिहिता वाचता फारसे येत नव्हते. त्यांना पाठ असलेल्या आरत्या, व्रतांची गाणी, पाळणे, पंचकल्याणकाची पदे माझ्या मोठ्या नणंदबाईंनी, म्हणजे आमच्या आक्कांनी, लग्नाआधी त्यांच्याकडून ऐकून लिहून घेतली होती. आई गेल्यानंतर वही माझ्याकडे आली. तिला कसर लागली होती, पाने हातात तुटत होती. मी सगळ्या पानांचे फोनवर फोटो काढले, आणि जीर्ण जिनवाणीचे करतो तसे त्या वहीचे कृष्णेत विसर्जन केले. मनाला वाटले, किती शहाणपणाचे काम केले मी. दोन वर्षांनी फोन बिघडला. नवा घेतला, पण जुन्यातले फोटो काही त्यात आले नाहीत. मुलाने बरीच खटपट केली. गेले ते गेलेच.

मी कॉमर्सची पदवीधर. पावती फाडण्याआधी दुसरीकडे नोंद झाली का हे बघायचे, एवढे तरी मला कळायला हवे होते. घरात कोणी काही बोलले नाही. पण त्या दिवसापासून मी आपल्या श्रुताचा इतिहास पुन्हा वाचायला घेतला. वाचताना लक्षात आले की आपल्या आचार्यांनी हाच प्रश्न, माझ्यापेक्षा कितीतरी मोठ्या काळजीने, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी हाताळला होता.

भगवान महावीरांची वाणी गणधरांनी बारा अंगांत गुंफली. ती लिहिली गेली नाही. गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात आणि तिथून कंठात, असा तिचा प्रवास होता. दिगंबर परंपरेने या प्रवासाचा हिशेब वर्षांनिशी सांभाळला आहे. गौतम, सुधर्म आणि जंबू हे तीन केवली मिळून ६२ वर्षे. विष्णूंपासून भद्रबाहूंपर्यंत पाच श्रुतकेवली, १०० वर्षे. मग अकरा अंगे आणि दहा पूर्वे जाणणारे अकरा आचार्य, १८३ वर्षे. मग फक्त अकरा अंगे जाणणारे पाच आचार्य, २२० वर्षे. शेवटी एकच आचारांग पूर्ण जाणणारे चार आचार्य, ११८ वर्षे. बेरीज करून बघा, ६८३ येते. एवढ्या वर्षांत अठ्ठावीस माणसे, आणि दर टप्प्याला भांडवल कमी होत गेलेले. आमच्या भाषेत याला घसारा म्हणतात. शिल्लक शून्यावर येण्याआधी काहीतरी करायला हवे, हे ज्यांना दिसले ते आचार्य धरसेन.

ते गिरनारच्या चंद्रगुफेत राहत होते. वय झालेले. अंग-पूर्वांचा जो अंश त्यांना येत होता, तो आपल्याबरोबर संपेल ही त्यांना चिंता होती. दक्षिणेकडचे आचार्य महिमा नावाच्या ठिकाणी एकत्र जमले होते. त्यांना धरसेनांनी पत्र पाठवले. हे महिमा म्हणजे सातारा जिल्ह्यातले महिमानगड असावे, आणि त्या वर्णनात येणारी वेण्या नदी म्हणजे आपली वेण्णा असावी, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे. तिथून दोन तरुण मुनी निघाले आणि गिरनारला पोहोचले.

धरसेनांनी त्यांना लगेच शिकवायला घेतले नाही, आधी परीक्षा घेतली. दोघांना एकेक विद्या साधायला दिली. एकाच्या मंत्रात एक अक्षर जास्त होते, दुसऱ्याच्या मंत्रात एक कमी. दोघांनी साधना केली आणि देवता समोर आल्या, पण एकीचे दात पुढे आलेले होते आणि दुसरी एका डोळ्याने अंध होती. दोघांनी विचार केला, देवता अशा विद्रूप नसतात, तेव्हा चूक मंत्रात आहे. त्यांनी आपापला मंत्र दुरुस्त केला, पुन्हा साधना केली आणि देवता आपल्या मूळ रूपात आल्या. मग धरसेनांनी विद्यादान सुरू केले. हेच दोघे पुढे पुष्पदंत आणि भूतबली म्हणून ओळखले गेले.

ही कथा मी लहानपणापासून ऐकत आले, पण तिचा अर्थ आत्ता कुठे उमगला. धरसेनांना जसेच्या तसे म्हणून दाखवणारा शिष्य नको होता. मिळालेल्या गोष्टीतली चूक ज्याला समजते आणि जो ती विचारपूर्वक दुरुस्त करतो, असा शिष्य हवा होता. माझा फोन जे दिले ते तसेच ठेवतो. अक्षर कमी असले तरी ठेवतो, जास्त असले तरी ठेवतो. दात पुढे आलेली देवता त्याला दिसत नाही.

आषाढ शुद्ध एकादशीला शिक्षण पूर्ण झाले. दोघांनी अंकलेश्वरला चातुर्मास केला. मग पुष्पदंत वनवास देशाला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीकडे गेले आणि भूतबली द्रमिळ देशाला. पुष्पदंतांनी सत्प्ररूपणेची १७७ सूत्रे रचली आणि ती जिनपालित या शिष्याबरोबर भूतबलींकडे पाठवली. पुष्पदंतांचे आयुष्य थोडे उरले आहे हे भूतबलींनी ओळखले आणि पुढचा सगळा ग्रंथ स्वतः पूर्ण केला. सहा खंडांचा म्हणून तो षट्खंडागम. ग्रंथ पुस्तकारूढ झाल्यावर ज्येष्ठ शुद्ध पंचमीला चतुर्विध संघाने त्याची पूजा केली. तीच आपली श्रुतपंचमी.

आज आपल्याला वाटते, लिहून ठेवणे ही तर साधी गोष्ट. तेव्हा ती साधी नव्हती. निष्परिग्रही साधूने पोथी बाळगावी का, हाच मोठा प्रश्न होता. श्वेतांबर परंपरेतल्या बृहत्कल्पभाष्यात तर म्हटले आहे की साधू जितक्या वेळा पोथी उघडेल आणि बांधेल तितक्या वेळा त्याला प्रायश्चित्त. पानांमध्ये सूक्ष्म जीव चिरडतात, ओझे वाढते आणि पोथी जवळ आहे म्हणून स्वाध्यायात आळस येतो. हा शेवटचा मुद्दा वाचून मी गप्पच झाले. पुढे त्याच परंपरेतही वल्लभीला देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या काळात, महावीर निर्वाणानंतर ९८० किंवा ९९३ वर्षांनी, आगम लिहून घ्यावे लागले. दोन्ही परंपरांनी लिहिणे स्वीकारले ते हौसेने नाही. पाठांतर करणारी माणसे कमी झाली म्हणून, नाइलाजाने.

नवव्या शतकात आचार्य वीरसेनांनी षट्खंडागमाच्या पाच खंडांवर धवला टीका लिहिली. ती इसवी सन ८१६ मध्ये पूर्ण झाली, ७२ हजार श्लोक प्रमाण. श्लोक प्रमाण म्हणजे बत्तीस अक्षरांचा एक श्लोक धरून केलेली मोजणी. ग्रंथ गद्यात असला तरी मोजतात अशीच. कषायपाहुडावरची जयधवला वीरसेनांनी सुरू केली आणि त्यांचे शिष्य जिनसेन यांनी ८३७ मध्ये पूर्ण केली, ६० हजार श्लोक. एवढे सगळे पाठ करणारा माणूस आता कुठून मिळणार? ग्रंथ आता ताडपत्राच्या आधाराने जगणार होता.

आणि मैत्रिणींनो, इथून पुढे या इतिहासात आपल्या बायका दिसायला लागतात.

दहाव्या शतकात कर्नाटकात अत्तिमब्बे झाल्या. कवी पोन्नाच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती त्यांनी ताडपत्रावर लिहवून घेतल्या आणि वाटल्या. छापखाना नसताना एक हजार प्रती! एकेक अक्षर हाताने. किती लेखक बसले असतील आणि किती दिवस त्यांचा स्वयंपाक चालला असेल, माझ्या मनात तर हेच आधी येते. त्यांना दानचिंतामणी म्हणतात ते उगीच नाही.

दक्षिण कर्नाटकातल्या मूडबिद्रीला सिद्धांत बसदीत धवलेची जी जुनी ताडपत्रे आहेत, त्यांतल्या एका प्रतीच्या प्रशस्तीत देमियक्का या स्त्रीचे नाव येते. गंग घराण्यातली ही बाई. तिने श्रुतपंचमी व्रताच्या उद्यापनाला ही प्रत शुभचंद्र सिद्धांतदेवांना अर्पण केली. महाबंध म्हणजे सहाव्या खंडाची प्रत मल्लिकव्वे या बाईने, तीही पंचमी व्रताच्याच उद्यापनाला, लिहवून माघनंदी मुनींना दिली. आपण उद्यापनाला ताट, वाटी, चांदीचे उपकरण देतो. त्यांनी ग्रंथ दिला. या दोघींनी तसे केले नसते तर आज आपल्या हातात काय असते, कोण जाणे.

पुढे मात्र वेगळेच घडले. ग्रंथ मूडबिद्रीला सुखरूप राहिले, पण लोक त्यांचे फक्त दर्शन घेऊ लागले. यात्रेकरू यायचे, ताडपत्रे दाखवली जायची, नमस्कार व्हायचा, ग्रंथ पुन्हा बंद. जुन्या कन्नड लिपीतली ती अक्षरे वाचणारे फार थोडे उरले. ज्या ग्रंथासाठी धरसेनांनी गिरनारवरून पत्र पाठवले, तो ग्रंथ जिवंत होता, पण कोणाच्या मनात नव्हता. पाठ असलेले विसरले तर ते गेले हे निदान कळते. कपाटात ठेवलेले विसरले तर कळतही नाही. उलट वाटत राहते, आहे ना आपल्याकडे.

हे ज्यांना सलले त्यांत आपल्या सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी आणि मुंबईचे शेठ माणिकचंद हे प्रमुख. त्यांनी मूडबिद्रीच्या पंचांशी बोलणी केली, वर्गणी गोळा केली. १८९६ च्या सुमारास प्रती करण्याचे काम सुरू झाले. श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरि शास्त्री आणि मिरजेचे गजपती शास्त्री त्या कामाला बसले. ब्रह्मसूरि शास्त्री मध्येच वारले, गजपती शास्त्रींनी काम पुढे चालवले. सगळ्या ग्रंथांच्या प्रती पूर्ण व्हायला पाव शतक लागले. पण अट अशी होती की प्रती मूडबिद्रीबाहेर जायच्या नाहीत. म्हणजे कपाटात आणखी एक गठ्ठा.

तेव्हा गजपती शास्त्रींनी गुपचूप आणखी एक प्रत तयार केली. त्या कामात त्यांना त्यांच्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाईंचे साहाय्य होते. ही प्रत सहारनपूरच्या लाला जंबूप्रसादांनी आपल्या मंदिरासाठी घेतली. तिथे तिचे देवनागरीत लिप्यंतर झाले. ते करणाऱ्या पंडित सीताराम शास्त्रींनी स्वतःजवळही एक प्रत ठेवली आणि तिच्यावरून आरा, कारंजा, अमरावती अशा गावी प्रती पोहोचल्या.

लक्ष्मीबाईंविषयी मी पुष्कळ विचार केला. घरातली कामे आटोपून, दिव्याच्या उजेडात, कोणाला कळू न देता जुन्या कन्नडमधली हजारो अक्षरे लिहिणारी बाई. त्यांचे हे काम अचौर्य अणुव्रतात बसते का? पंचांचा विश्वास मोडला हे खरे आहे. ज्यांनी शेकडो वर्षे ग्रंथ जपले त्यांची भीतीही खोटी नव्हती, हेही खरे. माझ्याजवळ याचे सरळ उत्तर नाही. पण ज्ञान झाकून ठेवणे हे ज्ञानावरणीय कर्माच्या आस्रवाचे एक कारण सांगितले आहे, हेही आपण दशलक्षणात दर वर्षी वाचतो. हिशेब कोणत्या बाजूला लिहायचा ते तुम्हीच ठरवा.

त्याच प्रतींवरून डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीला संपादन सुरू केले. पहिला भाग १९३९ मध्ये निघाला आणि सोळावा १९५८ मध्ये. सोबत कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले डॉ. आ. ने. उपाध्ये आणि अनेक पंडित होते. पुढे मूडबिद्रीच्या भट्टारकांनी आणि पंचांनीही मन मोठे केले आणि छापील पाठ मूळ ताडपत्रांशी ताडून बघण्याची सोय करून दिली.

त्या ताडून बघण्यात एक गोष्ट सापडली, ती आपण बायकांनी तरी माहीत करून घ्यावी. सत्प्ररूपणेचे ९३ वे सूत्र मनुष्यिणींच्या, म्हणजे स्त्रियांच्या, गुणस्थानांविषयी आहे. हातात असलेल्या प्रतींत त्या सूत्रात ‘संजद’, म्हणजे संयत, हा शब्द नव्हता. संपादकांना अर्थावरून वाटले की तो असायला हवा, आणि त्यांनी तळटीपेत तसे लिहिले. त्यावरून मोठा वाद झाला. नंतर मूडबिद्रीच्या ताडपत्रात पाहिले तर तो शब्द तिथे होता. त्या शब्दाचा अर्थ भाववेदाने लावायचा की द्रव्यवेदाने, त्यावर पंडितांनी पुष्कळ लिहिले आहे. मी त्यात पडत नाही. मला एवढेच दिसते की तीन अक्षरे नकलेत गळली होती, ती विचार करणाऱ्या माणसाला जाणवली आणि जपून ठेवलेल्या पानाने ती परत दिली. कमी अक्षराची देवता इथे पुन्हा भेटली. एकट्या पानाने काम झाले नसते आणि एकट्या बुद्धीनेही नसते.

आचार्य शांतिसागर महाराजांची गोष्ट तर आपल्या भागातली. महाबंधाच्या ताडपत्रांतला काही भाग किड्यांनी खाल्ला हे कळल्यावर त्यांना फार दुःख झाले. त्यांच्या प्रेरणेने सिद्धांत ग्रंथ तांब्याच्या पत्र्यांवर कोरले गेले. फलटणला ती ताम्रपत्रे आहेत. पुढे सोलापूरच्या श्राविकाश्रमाच्या पंडिता सुमतीबाई शहा यांनी मूळ सूत्रे हिंदी अर्थासह एका ग्रंथात संपादित केली, तो १९६५ मध्ये फलटणहूनच प्रकाशित झाला. देमियक्कांनी लिहवून घेतले, लक्ष्मीबाईंनी लिहिले, सुमतीबाईंनी संपादन केले.

आता फोनकडे येते. माझ्या फोनमध्ये आज धवलेचे सगळे भाग आहेत. देमियक्कांना हे सांगितले असते तर त्यांनी हात जोडले असते. म्हणून मी फोनला नावे ठेवत नाही. पण आपल्या शास्त्रात द्रव्यश्रुत आणि भावश्रुत असा भेद आहे. अक्षर, पान, तांबे, पडदा, सगळे द्रव्यश्रुत, पुद्गल. जाणणे हा आत्म्याचा गुण, ते भावश्रुत. स्वाध्यायाचे पाच प्रकार आपण शिकलो: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचणे, विचारणे, मनात घोळवणे, शुद्ध उच्चाराने पुन्हा पुन्हा म्हणणे, दुसऱ्याला सांगणे. फोनमुळे पहिला प्रकार सोपा झाला. बाकीचे चार आपण हळूहळू सोडून दिले.

आईंना भक्तामराचे अठ्ठेचाळीस श्लोक आणि तत्त्वार्थसूत्राचे दहाही अध्याय पाठ होते. निसरताना कोणी चुकले तर चुलीपाशी बसून त्या तिथूनच शब्द दुरुस्त करायच्या. मलाही लग्नानंतर पाच अध्याय पाठ झाले होते. दोन वर्षांपूर्वी दशलक्षणात मंदिरात म्हणायला उभी राहिले, फोन घरी राहिला होता. तिसऱ्या अध्यायात अडकले. समोर सुना-नातवंडे. पुढचा शब्द एका लहान मुलीने फोनवर बघून सांगितला. तिने चांगलेच केले, पण मला आईंची आठवण झाली आणि डोळे भरून आले.

आईंच्या वहीचे काय झाले ते सांगून थांबते. आक्का आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, पुण्याला लेकीकडे असतात. वहीची गोष्ट त्यांना सांगायला मला सहा महिने धीर झाला नाही. शेवटी सांगितली. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अगं, वही मीच तर लिहिली होती. लिही परत.” तेव्हापासून रोज दुपारी फोन येतो, चार ते साडेचार. त्या म्हणतात, मी लिहिते. मग मी वाचून दाखवते, त्या चूक सांगतात. कधी त्यांना एक शब्द आठवतो, मला आईंच्या तोंडून ऐकलेला वेगळाच आठवतो, मग दोघी अर्थ लावत बसतो. आत्तापर्यंत एकोणीस गाणी झाली. मूळ वहीत साठाच्या वर होती. बाकीची आक्कांनाही आता येत नाहीत.

लिहून झालेली गाणी मी पाठ करते आहे. माझ्याकडून माझी सून रोज दोन ओळी घेते. वहीची एक प्रत पुण्याला ठेवली आहे, एक मुलीकडे दिली आहे आणि फोटोही काढले आहेत, या वेळी दोन ठिकाणी.

तुमच्या घरात अशी वही असेल किंवा वहीशिवाय सगळे पाठ असलेली एखादी आजी, काकू, आत्या असेल, तर पुढच्या श्रुतपंचमीची वाट बघू नका. आज दुपारीच त्यांच्याजवळ जाऊन बसा.

काही चुकले असल्यास क्षमा असावी. जय जिनेंद्र.